पिंपवाल्याकडचा गुरुवार

अमेरिकेचा एक जुना काँग्रेसमन पोरवयात वार लावून जेवत होता, ही गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे. कारण त्याला तसं जेवायला मीच बसवलं. सोमवारी लोहाराकडे, मंगळवारी गिरणीवाल्याकडे, बुधवारी पाद्र्याकडे आणि गुरुवारी पिंपवाल्याकडे. शुक्रवारी तो बिचारा उपाशी राहायचा, कारण शुक्रवारचं घर मला काही सुचलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीपासून वीसेक मिनिटांवरच्या एका गावात राहत होतो. मी मशिनांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि शनिवार-रविवार महाराष्ट्र मंडळाचा नाटकवाला. मंडळाचं गणपतीतलं नाटक म्हणजे मुंबईहून कोणाच्या तरी सूटकेसमधून, लोणच्याच्या बरणीला खेटून आलेलं फार्सचं पुस्तक. त्याच्या झेरॉक्स काढल्या की तेलाचे डागही सगळ्यांना सारखे वाटले जायचे. दर वर्षी तोच सोफा, तोच विसरभोळा नवरा, तीच चुकीच्या दारातून येणारी शेजारीण. मी चार वर्षं विसरभोळा नवरा होतो. बायको म्हणायची, "घरी तालमीची गरजच नाही."

मंडळाचे अध्यक्ष हृदयरोगतज्ज्ञ होते. मंडळात आणखी दहा-बारा डॉक्टर होते, पण नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की तेच. उंच, देखणे, शब्द तोलून बोलणारे. गावात त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त लोक ओळखायचे आणि त्यांना ते आवडायचं. एप्रिलमधल्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "यंदा फार्स कॅन्सल. इथल्या मातीतलं काहीतरी करू या. टाउन हॉलमध्ये त्या वकिलाचं पोर्ट्रेट आहे ना? सेल्फ-मेड मॅन. त्याच्यावर लिहा तुम्ही. टाउनच्या लोकांना बोलावू, पेपरात फोटो येईल. आपण इथले झालो, हे दिसलं पाहिजे यार."

"आणि वकिलाचं काम कोण करणार?" मी विचारलं.

"बघू. कोणी मिळालं नाही तर मी आहेच," डॉक्टर म्हणाले. मी जाऊन पोर्ट्रेट पाहिलं. नाक डॉक्टरांचंच होतं.

मग मी तीन महिने गावच्या लायब्ररीत जाऊन बसलो. तिथली म्हातारी लायब्ररियन मला पांढरे हातमोजे घालायला लावून एकेक जुना कागद पुढ्यात ठेवायची आणि मी तो घेऊन पळून जाईन अशा धास्तीने समोरच बसून राहायची. वकीलसाहेबांचं आयुष्य मोठं नाट्यमय होतं. आईबापांविना पोरगा, दुसऱ्या परगण्यातून चालत या गावात आला. लाकडी पिंपं बांधणाऱ्या एका कारागिराने त्याला ठेवून घेतलं. दिवसा पिंपांच्या फळ्या तासायच्या आणि संध्याकाळी एका वकिलाकडे खरेदीखतांच्या नकला करायच्या. नकला करता करता कायदा शिकला, स्वतः वकील झाला, मग गावचा पंच, मग राज्याच्या सभेत, मग काँग्रेसमध्ये. इथपर्यंत डॉक्टरांना हवं तेच.

मग एके दिवशी लायब्ररियनने एक चिठोरा पुढे सरकवला. त्या काळी, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, या भागात एक रीत होती. गावात कोणी उपरा, गरीब माणूस राहायला आला की गावचे पंच त्याला नोटीस काढत. कॉन्स्टेबल त्याच्या दाराशी उभा राहून ती मोठ्याने वाची : तुम्ही या गावचे नाही, निघा. गंमत म्हणजे पुष्कळदा कोणी हाकलून देत नसे. माणूस तिथेच राहायचा, राबायचा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा. फक्त उद्या आजारी पडला, म्हातारा झाला, तर गाव त्याचं नाही, एवढं कागदावर पक्कं.

तो चिठोरा म्हणजे अशीच एक नोटीस होती आणि ती पिंपवाल्याच्या नावाची होती. तो मुलाबरोबर उत्तरेला राहायला गेला होता, मुलगा वारला, आणि म्हातारा एकटाच परत आला होता; एकदा गाव सोडलं म्हणजे कागदोपत्री तो उपराच. खाली पंचांच्या सह्या. तिसरी सही आपल्या वकीलसाहेबांची. अक्षर सुरेख. खरेदीखतांच्या नकला करून कमावलेलं.

मला इतका आनंद झाला की मी हातमोजे घातलेल्या हातांनी टाळी वाजवली. तिचा आवाजच झाला नाही. लायब्ररियन म्हणाली, "हे बहुतेकांना आवडत नाही."

माझा दुसरा अंक लिहून झाल्यातच जमा होता. म्हातारा पिंपवाला नोटीस हातात घेऊन वकिलाच्या दारात येतो आणि त्याला जुन्या दिवसांची आठवण करून देतो. आता आठवण म्हणजे काय, तर जेवणाची. कागदपत्रांत एवढीच एक ओळ होती की पोरगा पिंपवाल्याच्या माडीवर झोपे आणि जेवण गावात ठिकठिकाणी असे. 'ठिकठिकाणी' वाचलं आणि माझ्यातला मराठी माणूस उठून बसला. माझे वडील वार लावून शिकले होते. त्यांच्या तोंडून सात घरांची सात वर्णनं मी इतक्यांदा ऐकली होती की गरीब मुलगा शिकतो म्हटल्यावर तो वार लावूनच जेवणार, आणखी कसा जेवणार? दत्ताचा वार म्हणून पुष्कळ घरं गुरुवारी विद्यार्थ्याला जेवायला घालत, म्हणून पिंपवाल्याला मी गुरुवार दिला. त्याच्या गावात दत्त नव्हता, हे मला लेखणी खाली ठेवल्यावर आठवलं. पण ओळ इतकी झकास जमली होती की मी दत्ताला डोळा मारला आणि पुढे गेलो.

पिंपवाल्याचं काम मी काकांना दिलं. काका मंडळात नवीन होते. सांगलीला शाळेत हस्तकला शिकवायचे. बायको गेल्यावर इथे मुलीकडे राहायला आले होते आणि घरी बसून कंटाळतात म्हणून प्लास्टिकच्या कारखान्यात खोक्यांत कंगवे भरायला जायचे. ही कंगव्याची गोष्ट मंडळात हळू आवाजात सांगितली जायची. आमचं मंडळ डॉक्टर-इंजिनिअरांचं. हल्ली जे भाऊ, मेहुणे, सासरे येऊन दुकानांत, कारखान्यांत लागत होते, त्यांच्याशी आम्ही फार प्रेमाने बोलायचो आणि कमिटीवर कोणालाच घ्यायचो नाही.

पण काका उभे राहून दोन वाक्यं बोलले की खोलीतलं हवामान बदलायचं. सांगलीला हौशी नाटकांत तीस वर्षं काढलेला माणूस. भूमिका मिळाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "पिंपाला खिळे असतात का?" मला काय ठाऊक! आठ दिवसांनी त्यांनीच सांगितलं, "नसतात. नुसत्या फळ्या एकमेकींना दाबून उभ्या राहतात. बाहेरून कडं." आणि जावयाच्या गॅरेजमध्ये त्यांनी टाकाऊ लाकडाचं एक पिंप बांधायला घेतलं.

तालमी रविवारी दुपारी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये, पिंगपाँगचं टेबल भिंतीला लावून. जुन्या रिवाजाप्रमाणे मी प्रत्येकाला आपापलीच नक्कल काढून दिली होती, म्हणजे स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे दोन-तीन शब्द. सगळं नाटक एकदा सर्वांसमोर वाचलं, तेव्हा डॉक्टर ऑन कॉल होते, आलेच नाहीत. ते पहिला अंक झोकात करायचे. निवडणुकीचं भाषण करताना तर मी त्यांना मत देऊन टाकलं असतं. एक सांगायचं राहिलं. डॉक्टर आणि काका एकमेकांशी फार अदबीने बोलायचे. "या काका, बसा काका, चहा?" "असू दे डॉक्टर." त्यापलीकडे शब्द नाही. मला वाटलं, डॉक्टरांना कंगवे टोचत असतील.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुसरा अंक उभा केला. माझी बायको प्रॉम्प्टर. काका पिंपाला टेकून उभे राहिले, नोटीस हातात, आणि डॉक्टरांकडे बघत म्हणाले, "ओळखलंत का वकीलसाहेब? सोमवारी लोहाराकडे जेवायचास. मंगळवारी गिरणीवाल्याकडे. बुधवारी पाद्र्याकडे. आणि गुरुवारी माझ्याकडे."

इथे माझं वाक्य संपत होतं. काका थांबले नाहीत.

"पोट भरायचं नाही तुझं, मला दिसायचं. पण आणखी वाढू का विचारलं की वाटी पालथी घालायचास. भीड वाटायची तुला. मग ही आतून म्हणायची, त्याची वाटी सुलटी करा हो, मी वाढते."

बायकोचं बोट वहीवरून घसरलं. मी तर आनंदाने ओरडलो, "वा काका! हे राहू द्या! हे लिहूनच टाकतो!"

डॉक्टरांचं पुढचं वाक्य होतं, "मी आपल्याला ओळखत नाही."

"मी आपल्याला ओळखत नाही," बायकोने हळूच सांगितलं. मग मोठ्याने, "डॉक्टर, मी आपल्याला ओळखत नाही!"

डॉक्टरांनी कमरेचा पेजर काढून पाहिला. "सॉरी, हॉस्पिटल," म्हणाले आणि जिना चढून गेले. पेजर वाजला नव्हता. मी नाटकवाला आहे, आवाज कुठे असायला हवा होता ते मला कळतं.

बुधवारी त्यांचा फोन आला. "ऐका ना, सेकंड अ‍ॅक्ट जरा हेवी होतोय. आपण पहिल्या अंकावरच संपवू या. तो इलेक्शन जिंकतो, टाळ्या, गणपतीची आरती."

"डॉक्टर, सगळं नाटक दुसऱ्या अंकात आहे!"

"टाउनचे लोक येणार आहेत. त्यांच्या माणसाला आपण असं दाखवायचं?"

"त्यांना मराठी कुठे कळतंय?"

"आपल्या लोकांना कळतं ना." मग वेगळ्याच आवाजात, "ते वार-बीर तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं म्हणजे? मीच घातलं."

"असं." त्यांचा विश्वास बसला नाही, एवढं मला कळलं. का बसला नाही, ते कळलं नाही. "हे बघा, हॉल माझ्या नावावर बुक आहे. अंक ठेवायचाच असेल तर वकील दुसरा बघा आणि हॉलही. नाहीतर एका अंकाचा प्रयोग करू, पत्रिकेवर तुमचं नाव मोठं. ठरवा."

मी ठरवलं. माझं स्वतःचं पहिलं नाटक होतं आणि चार वर्षं विसरभोळा नवरा झालेल्या माणसाला 'लेखक-दिग्दर्शक' हे शब्द छापलेले बघायचे होते. मी म्हटलं, "एक अंक तर एक अंक." किती सुटसुटीत वाक्य आहे बघा. नक्कल काढायचीसुद्धा गरज नाही, आजही पाठ आहे.

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, "काकांना कोण सांगणार? कॉन्स्टेबल?"

शनिवारी मी काकांच्या मुलीकडे गेलो. काका गॅरेजमध्ये पिंपावर शेवटचं कडं बसवत होते. मी वेळेचं कारण सांगितलं, मुलांच्या झोपेचं सांगितलं, जेवण साडेसातला आहे ते सांगितलं. फार सुंदर बोललो. काका हातोडी खाली ठेवून ऐकत होते.

"म्हणजे त्याला नको आहे," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तुम्हाला त्यानेच सांगितलं नव्हतं का?"

"काय सांगितलं?"

काका तिथल्या एका खोक्यावर बसले. "गुरुवार आमच्याकडे असायचा त्याचा. सांगलीला. तीन वर्षं. मॅट्रिकपासून इंटर सायन्सपर्यंत. तुमची नक्कल वाचली आणि मी मुलीला म्हटलं, बघ, पोरगा विसरला नाही. स्वतःच्या तोंडाने बोलायला संकोचतो, म्हणून नाटकात घालायला सांगितलं. लोकांसमोर, गणपतीसमोर. इथे आल्यापासून तो मला 'या काका, बसा काका' करतो. पूर्वी मास्तर म्हणायचा. मला वाटलं, आता म्हणेल." ते हसले. "मग मीही जरा भर घातली. वाटीची. त्याला आवडेल म्हणून."

मी त्या पिंपाकडे बघत होतो. एकही खिळा नाही.

"काका, ते मी... माझ्या वडिलांचं होतं ते."

"हो का?" ते म्हणाले. "कुठल्या गावाला जेवायचे वडील?"

सोमवारी मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये डॉक्टरांना गाठलं. त्यांना हवा असलेला पुरावा माझ्याजवळ होता : काकांनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं, चहाडी झालेली नव्हती, सगळा माझा आगाऊपणा. मी हे सगळं एका दमात सांगितलं. माझा अंदाज होता की डॉक्टर मोकळे होतील, कदाचित डोळे पुसतील, आणि मी दुसरा अंक परत मिळवून घरी जाईन. अशा प्रवेशाचा शेवट मी तरी तसा लिहिला असता.

डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं. "वार? तुमचा काहीतरी गोंधळ होतोय," ते म्हणाले. "मी पुण्याचा. हॉस्टेलला होतो." आणि सीटबेल्ट लावता लावता, "काकांचं वय झालंय. त्यांना जरा सांभाळून घ्या."

गणपतीला शाळेच्या कॅफेटेरियात प्रयोग झाला. लायब्ररियन पाहुणी म्हणून आली होती. तिला शाल आणि नारळ दिला, तो नारळ तिने पूर्ण वेळ मांजर धरावं तसा मांडीवर धरला. डॉक्टरांनी भाषण ठोकलं, निवडणूक जिंकली, टाळ्या कडाडल्या. माझं नाव पत्रिकेवर सगळ्यात मोठं होतं. पडदा पडल्यावर लायब्ररियनने मला विचारलं, "आणि पिंपवाला? तुम्ही त्याचं किती उतरून घेतलं होतंत." मी म्हटलं, "वेळ नव्हता." ती म्हणाली, "कोणालाच नसतो," आणि नारळ कसा खायचा ते विचारलं.

मग जेवणाची रांग. काका येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आले होते. कमिटीने वाढायला माणसं मागितली होती, त्यात त्यांनी आपलं नाव दिलं होतं. टेबलामागे अ‍ॅप्रन बांधून उभे, पुढ्यात आमटीचं पातेलं. मी रांगेत होतो, माझ्या पुढे डॉक्टर, वकिलाच्या कोटात, गळ्याला पांढरा रुमाल. लोक पाठ थोपटत होते, ते हसून एकेकाकडे वळत होते. काकांनी त्यांच्या वाटीत एक डाव आमटी घातली. डॉक्टर कोणाशी तरी बोलत बोलत ती तिथेच उभ्याउभ्या पिऊन गेले. सकाळपासून पोटात काही नसावं, प्रयोगाच्या दिवशी नसतंच.

"आणखी वाढू?" काकांनी विचारलं.

मान दुसरीकडे होती. हाताने आपलं आपण केलं. थर्मोकोलची ती वाटी डॉक्टरांनी ताटात पालथी घातली.

मी पाहिलं. काकांनी पाहिलं. मग डॉक्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं, त्याने दुसऱ्याच कोणाचं ऐकल्यासारखं. डाव हवेतच होता. काका तेवढ्यापुरते थांबले, म्हणजे एखादा नट समोरच्याचं वाक्य येईल म्हणून थांबतो तितके. वाक्य फक्त एका शब्दाचं होतं आणि ते सांगायला प्रॉम्प्टर नव्हता. मी होतो, हातभर अंतरावर. मला तो शब्द पाठ होता.

"थँक यू काका," डॉक्टर म्हणाले. मागे वळून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झकास झालं नाटक. पुढच्या वर्षीही तुम्हीच लिहायचं."

"नक्की," मी म्हटलं.

काकांनी डाव माझ्या वाटीत रिकामा केला. "घ्या," म्हणाले. "गरम आहे."

पुढे ते मुलीकडेच राहिले, कंगवे भरत राहिले, दर गणपतीला वाढायलाही आले. त्यांना कोणी जा म्हटलं नाही. मी आणखी तीन नाटकं लिहिली. तिन्ही फार्स. लोक हसून हसून पडले. ते पिंप काकांनी मलाच देऊन टाकलं. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी स्वतः आणून गॅरेजमध्ये ठेवून गेले. मी घरी नव्हतो. बायकोने जेवून जा म्हटलं, तर जेवून आलोय म्हणाले.